शेवटचं रीळ चालू असताना

४ जानेवारी

प्रिय ताई,

कानाचं नवं मशीन जमलं का? जमलं असलं तरी मी फोन करणार नाही. मागच्या खेपेला मी अर्धा तास ओरडत होतो आणि शेवटी शेजारचे विचारायला आले, मास्तर, कुणाशी भांडताय? त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तुला मला मध्येच तोडताही येत नाही.

सोबत कात्रण आहे. साप्ताहिकातलं माझं सदर सव्वा वर्षाचं झालं. जुना गाजलेला सिनेमा घ्यायचा, तो आपल्याला काय शिकवून गेला ते सांगायचं, मध्ये घरची एखादी आठवण पेरायची, एवढाच मामला. पण लोक वाचतात. न्हावी हल्ली मला नंबर नसताना खुर्ची देतो. संपादक म्हणतात, मास्तर, याचं पुस्तक करू. चाळीस वर्षं फळा खरडला तेव्हा कुणी कुत्रं विचारत नव्हतं, आणि आता पुस्तक!

पण या आठवड्यात माशी शिंकली. मी दीपगृहवाल्या सिनेमावर लिहिलं होतं. कात्रणाची अक्षरं तुझ्या चष्म्याला पेलायची नाहीत, म्हणून मुद्द्याचा भाग इथे उतरवतो.

"माझे वडील थिएटरात ऑपरेटर होते. दुपारच्या खेळाला मी आणि माझी बहीण केबिनमध्ये रिळांच्या डब्यांवर बसून, भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून सिनेमा बघत असू. शेवटचं रीळ लागलं की वडील आम्हाला घरी पिटाळत आणि सिनेमाचा शेवट संध्याकाळी जेवताना सांगत. एकाही सिनेमाचा शेवट मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला नाही, पण प्रत्येकाचा धडा मात्र घेतला. या सिनेमात दीपगृहाच्या राखणदाराचा मुलगा दिलेला शब्द मोडून पळून जातो आणि पुढे वादळात परत येतो. दारावर टकटक होते. आधी तीन, मग जरा थांबून एक. सगळा पडदा धुक्यानं पांढराफटक होतो. एवढं मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं. पुढचं वडिलांनी सांगितलं: राखणदार दाराकडे बघतो, आणि परत दिव्यापाशी जाऊन बसतो. दार उघडत नाही. दिव्यापाशी बसलेल्या माणसानं दार उघडायचं नसतं. हा धडा मी जन्मभर पाळला."

आता कुणी एक निवृत्त कंपाउंडर संपादकांना लिहितो की या सिनेमात टकटक नाही, मुलगा घंटा वाजवतो. धुकं कुठेच नाही. आणि राखणदार दार उघडतो! वर विचारतो, मास्तरांनी सिनेमा झोपेत पाहिला काय? नाकाला मिरच्या झोंबल्या, खरं सांगतो.

तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, तू नऊची. तुला लख्ख आठवत असेल. दोन ओळी लिही, मी त्या छापून कंपाउंडरचं तोंड बंद करतो.

तुझा,
ढब्बू


११ जानेवारी

चि. ढब्बूस,

बाहेर तू मास्तर असशील, माझ्याकडे ढब्बूच. पत्र मिळालं. मशीन कानात शिट्ट्या मारतं, म्हणून बहुतेक वेळ ते डबीतच असतं. जगात ऐकण्यासारखं फार काही चाललेलं नाही, असं माझं मत होत चाललंय.

सिनेमाचं तुला आठवतं तसंच आहे. कंपाउंडरला म्हणावं, तू गोळ्या मोज. पण माझं नाव छापू नकोस, आणि उगाच तो सिनेमा कुठून मिळवून बघायच्या भानगडीत पडू नकोस. जुनं ते आठवणीतच बरं दिसतं. पुस्तक कर, जरूर कर, पण ते टकटकीचं तेवढं पुस्तकात घेऊ नकोस. का ते विचारू नकोस, माझ्यासाठी म्हणून गाळ.

आता महत्त्वाचं. तुझ्या लेकीचं पत्र आलंय मला. तिची बोट पुढच्या महिन्यात तुमच्याजवळच्या बंदराला लागतेय. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी चार-पाच दिवस मुक्काम आहे. पोरगी आता त्या इंजिनखोलीची मुख्य आहे म्हणे, हाताखाली सहा पुरुष. मी चाळीस वर्षं नर्स होते, माझ्या हाताखाली एक वॉर्डबॉय टिकला नाही. तिनं तुझी चौकशी केलीय. बीपीच्या गोळ्या घेतोस का, असं विचारलंय. काय कळवू?

ताई


२५ जानेवारी

प्रिय ताई,

तू नको म्हणालीस तेव्हाच मला तो सिनेमा बघायचा होता. जित्याची खोड. मोबाइलच्या दुकानवाला माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं दीपगृहवाला आणि आणखी पाच-सहा जुने सिनेमे एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिले. मी गेल्या रविवारी दुपारी जेवून टीव्हीसमोर बसलो.

सिनेमा चांगलाच आहे. पोराचा चेहरा मला वेगळा आठवत होता, पण ते सोड. शेवट जवळ आला, वादळ सुरू झालं, आणि टकटक झाली. तीन. मग जरा थांबून एक. मी मांडीवर थाप मारून म्हटलं, घ्या कंपाउंडर! आणि पुढच्याच मिनिटाला पडद्यावर पोरानं घंटेची दोरी ओढली, राखणदार उठला आणि त्यानं दार उघडलं. सताड. पोराला आत घेऊन दिवा त्याच्या हातात दिला. धुकं म्हणशील तर कुठेही नाही.

मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं. या खेपेला टकटक नव्हती.

आधी वाटलं, वरच्या मजल्यावरचे काही ठोकत असतील. वर जाऊन आलो, त्यांच्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी दोन भावांचा तो बँडवाला सिनेमा लावला. शेवटाकडे पुन्हा तीन आणि एक. परवा तो विनोदी लावला, ज्यात पोटमाळ्यावर लपलेला भाडेकरू आहे, ज्याला बाबा पोट धरून हसायचे. त्यातही. मग मी मास्तरकी केली, वही घेतली आणि वेळा लिहून काढल्या. सिनेमा कुठलाही असो, संपायला अकरा मिनिटं उरली की होते. एका रिळाचा वेळ, ताई. शेवटच्या रिळाचा.

काल टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बसलो. तरी झाली. टीव्हीतून येत नव्हती, आपल्या दारातून येत होती. म्हणून आज दुपारी वेळ साधून दाराला तळहात लावून उभा राहिलो. लाकूड माझ्या हाताखाली तीनदा हललं. बाहेरून. चौथी मात्र बाहेरून नाही आली. ती आतून आली, खोलीतून, माझ्या शेजारून, माझ्या कमरेच्या जरा वर असेल एवढ्या उंचीवरून. दार उघडून बघायला हवं होतं हे मला कळतं. माझी पाचावर धारण बसली होती. मी जाऊन पलंगावर बसलो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही हे तुला माहीत आहे. चौथीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं तेच शिकवलं. म्हणून हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. बीपी वाढलं की असं ऐकू येतं का? तू नर्स होतीस, तूच सांग.

लेकीचं म्हणशील तर तो विषय संपलेला आहे. मी आमच्या मुख्याध्यापिका बाईंना शब्द दिला होता की माझी मुलगी तुमच्या शाळेत रुजू होईल. ती ज्या दिवशी रुजू व्हायची त्या दिवशी बोटींची इंजिनं शिकायला पळून गेली. मी चारचौघांत खाली मान घालून उभा राहिलो. दोन वर्षांनी ती परत आली, दुपारची वेळ होती, बायको बाजारात गेली होती आणि मी घरात होतो. घंटी वाजली. दाराच्या भिंगातून बघितलं, ती होती. मी उघडलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी ती घंटीच मी काढून टाकली. बायको महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती, आणि आता ती बोलायलाही उरली नाही. पण मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही. दिव्यापाशी बसलेल्या माणसानं दार उघडायचं नसतं.

ढब्बू


३० जानेवारी

चि. ढब्बूस,

बीपीनं कानात गुणगुण होते, चक्कर येते. दार हलत नाही. तरी तपासून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शेजारणीकडे गेले आणि तिच्या नातीला दीपगृहवाला सिनेमा मोबाइलवर लावायला सांगितला. तिनं शोधून दिला. मशीन घरी डबीत राहिलं होतं. तोंडासमोर कुणी ताट आपटलं तरी मला ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. ते तीन मला स्वच्छ ऐकू आले. नात माझ्याकडे बघत होती, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी मोबाइल तिला परत दिला आणि घरी येऊन दोन्ही दारं उघडी टाकून बसले.

चौथीबद्दल मला विचारू नकोस.

लेक तेवीस फेब्रुवारीला येतेय, रविवारी, दुपारी चार वाजता. मी तिला तुझा पत्ता दिला नाही, तो तिला पाठ आहे. तिनं लिहिलंय: "आत्या, मी एकदाच जाईन. बाबांनी नाही उघडलं तर पुन्हा नाही जाणार, आणि तूही त्यांच्याविषयी मला काही लिहू नकोस." ती हट्टी आहे, कुणावर गेली ते वेगळं सांगायला नको. पुढच्या खेपेला बोट कुठे असेल सांगता येत नाही, आणि आपण दोघं काही आता विशीतले नाही.

उघड रे. एवढंच मागते.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

रविवारी तेवीसला मी घरात असेन. घर माझं आहे, जाणार कुठे. पण उघडेन असं समजू नकोस.

मला आधी तू एक सांग. कंपाउंडर खरं बोलत होता. राखणदार उघडतो. मग तू "तुला आठवतं तसंच आहे" असं का लिहिलंस? तुला शेवट माहीत नव्हता म्हणावं तर मग मला बघू नकोस का म्हणालीस? ताकास तूर लागू देत नाहीस तू. "चौथीबद्दल विचारू नकोस" म्हणजे तुला ती ठाऊक आहे.

आणि बाबांनी मला खोटं का सांगितलं? पाच वर्षांच्या पोराला सिनेमाचा खोटा शेवट सांगून त्यांना काय मिळालं? मी तो शेवट घेऊन जगलो, ताई. वर्गात सांगितला, सदरात लिहिला, आणि एका दुपारी पोटच्या पोरीला त्याच्या जोरावर बाहेर उभं ठेवलं. आता कुणीतरी म्हणतं की तो शेवट नव्हताच. मग मी त्या दुपारी काय केलं? रविवारी दार उघडायचं म्हणजे नऊ वर्षांपूर्वी उघडायला हवं होतं असं कबूल करायचं. ते माझ्याच्यानं होत नाही.

टकटक आता सिनेमा न लावताही होते. रोज पावणेचारच्या सुमाराला. चौथी खोलीतूनच येते, आणि तिच्यानंतर दाराबाहेर कुणीतरी वाट बघत उभं असल्यासारखं वाटतं. बराच वेळ. मी कोपऱ्यात खुर्ची ओढून बसतो. मला भीती वाटते, हे लिहायला लाज वाटत नाही.

काय आहे ते सांगून टाक.

ढब्बू


१२ फेब्रुवारी

ढब्बू,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता लिहीन ते परत वाचणार नाही, तसंच पेटीत टाकीन.

चौथी टकटक माझी आहे.

आपल्या जुन्या घराला घंटी नव्हती. आई बाहेरून आली की दार तीनदा वाजवायची, म्हणजे मी आले. मी खेळात असले किंवा तुला मांडीवर घेऊन बसलेली असले की आतून एकदा वाजवायची, म्हणजे थांब, उघडते. ते आमचं दोघींचं होतं. तू लहान होतास, तुला नसेल आठवत.

आई आजारी म्हणून मामाकडे गेली, असं तुला सांगितलं होतं. ती आजारी नव्हती. तिचं आणि बाबांचं बिनसलं होतं. कशावरून ते मला आजही नीट ठाऊक नाही, बंद दारामागचं भांडण होतं. बाबा एवढंच मोठ्यानं बोललेले मी ऐकले, की गेलीस तर परत यायचं नाही. ती गेली. चार महिने झाले. आणि एका दुपारी, दीपगृहवाला चालू असताना, केबिनच्या दारावर तीन टकटक झाल्या.

केबिनचा नियम तुला माहीत आहे. रीळ बदलायच्या आधीची पाच मिनिटं दार उघडायचं नाही. बाबांचा एक हात यंत्रावर आणि डोळा झरोक्याला असायचा. ती टकटक नेमकी तेव्हाच झाली. बाबांना कळलं कोण आहे ते. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत डोळा झरोक्याला लावला. मी उठून दारापाशी गेले. कडी माझ्या हाताला पोचत होती, ढब्बू. उंच नव्हती. पण आई आल्याच्या आनंदापेक्षा मला बाबांच्या नियमाची भीती मोठी होती. मी कडीला हात लावला नाही. आतून एकदा वाजवलं. थांब, उघडते.

बाबांचा हात चुकला. रीळ संपलं आणि पुढचं रीळ चढवलेलं दुसरं यंत्र वेळेत चालू झालं नाही. पडदा कोरा पडला, पांढराफटक, आणि सगळं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं. बाबांच्या उभ्या नोकरीत एवढं एकदाच झालं. ते तुझं धुकं.

मग त्यांनी शेवटचं रीळ चालू केलं. आता दार उघडायला काही हरकत नव्हती, एरवी तेव्हाच ते आपल्याला घरी पाठवायचे. त्या दिवशी त्यांनी पाठवलं नाही. दाराकडे पाठ करून उभे राहिले. तू डब्यांवर झोपून गेला होतास. मी झरोक्यातून शेवट पाहिला. राखणदारानं दार उघडलेलं मी पाहिलं. पडद्यावरचं दार उघडत होतं आणि आमचं बंद होतं. मी अकरा मिनिटं वाट पाहिली की बाबा वळतील.

खेळ सुटल्यावर त्यांनी उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. तिकिटं फाडणाऱ्या काकांनी मला नंतर सांगितलं, तुझी आई शेवटच्या पायरीवर बसून होती, लोक बाहेर पडायला लागले तशी उठून गेली. कुणी विचारलं तर म्हणत होती, मुलीनं थांब म्हटलंय.

दोन महिन्यांनी ती मामाकडे छातीत कफ होऊन गेली. ते मात्र खरं सांगितलं होतं तुला.

त्या संध्याकाळी जेवताना तू विचारलंस, बाबा, मग पुढे काय झालं? बाबा ताटाकडे बघत म्हणाले, त्यानं उघडलं नाही. मी समोर बसले होते. मी म्हणू शकले असते की उघडलं, मी पाहिलं. अळीमिळी गुपचिळी. मी तोंडात घास भरला आणि गप्प बसले, ती आजपर्यंत.

परवा तुझी सगळी कात्रणं काढून ओळीनं लावली. त्या दुपारच्या आधीच्या सिनेमांचे शेवट बघ, लोक हसतखेळत घरी जातात. त्यानंतर बाबांनी सांगितलेल्या प्रत्येक शेवटात कुणीतरी दाराबाहेर उभं आहे, आतला माणूस उघडत नाही, आणि दर वेळी आतल्याचंच बरोबर. बाबा आपल्याला सिनेमे सांगत नव्हते रे. स्वतःची समजूत घालत होते. आणि तू एवढासा, तोंड उघडं टाकून ऐकायचास. मी तुला थांबवायला हवं होतं. बाबांना दोष देऊन मी मोकळी होत नाही. तू तुझ्या पोरीला बाहेर ठेवलंस त्यात माझाही वाटा आहे.

मला वाटतं आई अजून माझ्या शब्दावर थांबली आहे. थांब म्हटलं आणि उघडलं नाही.

रविवारी उघड. लेकीसाठी उघड, आणि जमलं तर माझ्यासाठीही. माझा हात आता तिथपर्यंत पोचत नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आल्यापासून रविवारपर्यंत मी टीव्ही लावला नाही. संपादकांना चिठ्ठी पाठवली की पुस्तकाचं तूर्त राहू द्या, साठ शेवट पुन्हा तपासायचे आहेत. कंपाउंडरलाही लिहिलं, साहेब, तुमचं बरोबर होतं, मी सिनेमा खरोखरच झोपेत पाहिला. बाबांवर राग धरायचा प्रयत्न केला, जमला नाही. मला सारखे ते पाठमोरे दिसतात. मी त्यांचाच मुलगा आहे, भिंगातून बघून परत खुर्चीत जाऊन बसणारा.

तुझ्यावर तर मुळीच राग नाही. नऊ वर्षांची होतीस तू. चौथीच्या वर्गात एवढ्याच पोरी असतात, वह्यांना कव्हरं घालणाऱ्या. त्यांच्यापैकी कुणी तसं केलं असतं तर मी तिला काय म्हणालो असतो? जवळ घेतलं असतं. तेच समज.

काल सकाळी लवकर उठलो. घर झाडलं. दाढी करताना दोनदा कापलं. बायकोचा फोटो पुसला. साडेतीनला खुर्ची कोपऱ्यातून काढून दारासमोर ठेवली आणि बसलो. ठरवलं काहीच नव्हतं, खोटं कशाला सांगू. उघडीन असं ठरवूनही मी बसलो नव्हतो.

पावणेचारला टकटक झाली. एक, दोन, तीन. दार हललं, मी समोरून पाहिलं. मी चौथीची वाट बघत बसलो. पंधरा दिवस ती नेमानं आली होती. या वेळी आली नाही. खोलीत कुणीच नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की तू सांगून टाकलंस, तुझं काम झालं. आता आत मी एकटाच होतो आणि ती चौथी मला द्यायची होती.

मी उठलो. दारापाशी वाकलो, जिथून ती यायची तेवढ्या उंचीवर, आणि आतून एकदा वाजवलं. मग श्वासभरही थांबलो नाही. कडी काढली आणि दार उघडलं.

लेक उभी होती. केस कापलेत तिनं, कानाजवळ पांढरे झालेत. पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवलेली, दोन्ही हात कोटाच्या खिशात. चेहरा असा, जणू मी तिला चोरी करताना पकडलं. मी म्हटलं, ये, ऐकलं मी, या वेळी लगेच उघडलं.

ती म्हणाली, "बाबा, मी अजून वाजवलंच नव्हतं. दहा मिनिटं झाली, हात खिशातून निघत नव्हता."

मी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. शेवटच्या पायरीपर्यंत रिकामा होता. मग तिला जवळ घेतलं आणि दोघं तिथेच उंबरठ्यात रडलो, वरचे खाली उतरत होते तरी. ती आत आली, हात धुतले, आणि दार लावायला वळली, तर मी म्हटलं, राहू दे जरा. वारा येतोय म्हणाली. म्हटलं येऊ दे. ती खुर्चीत बसली, मी पलंगावर, आणि आम्ही उघड्या दाराकडे बघत बसलो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून होतो. अकरा मिनिटं झाली, मग बारावंही गेलं. तेव्हा मी तिला म्हटलं, आता लाव.

तुझा,
ढब्बू